‘भेट’ हा शब्द परत घेतो

मी, अनिरुद्ध केशव धारूरकर, वय चौऱ्याहत्तर, संग्रहालयाचा निवृत्त नोंदणी कारकून, हे मृत्युपत्र कुणाच्याही दडपणाशिवाय स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण शेजारच्या हिंमतरावांना शंका आहे.

१. राहतं घर, दोन खोल्या आणि न्हाणी, पुतण्या कैवल्यला. तो पुण्यातून दिवाळीला फोन करतो आणि ‘काका, तब्येत?’ विचारून उत्तराआधीच ठेवतो. घर तो विकणार. विको. फक्त माझी दिवंगत पत्नी चारुशीला हिची ट्रंक भंगारात घालू नये. ती जाऊन नऊ वर्षं झाली. ‘जेवलात का’ असं विचारणारं या घरात कुणी नाही, आणि मला त्याची अजून सवय झालेली नाही.

२. माझी शिडी हिंमतरावांना. ती २०१४ पासून त्यांच्याकडेच आहे. आपली वस्तू मागायला पुन्हा पुन्हा जाताना किती ओशाळं वाटतं, ते मला त्यांच्यामुळे कळलं.

३. भिंग, ब्रश आणि लेबलं लिहायचा टाक, ज्याला हवा त्याला. माझ्या अक्षराचं साहेब कौतुक करायचे. त्याच अक्षरात मी एक खोटं लिहिलं.

४. १९८८ साली जळकोटकडच्या पार्वतम्मा संग्रहालयात आल्या. पदरात भाजक्या मातीची वीतभर मूर्ती होती. त्या तिला तायव्वा म्हणत. गावात कुणी बाळंत होताना तिला उशाशी ठेवत. म्हणाल्या, “घराचं माळवद उतरवलंय, वर छत न्हाई, तवर ठिवून घ्या. पाडव्याला नेते.”

नोंदवहीचा नमुना इंग्रजी अमदानीत आखलेला, छापून छापून तसाच आलेला. वस्तू कशी मिळाली, याला रकाने तीनच: उत्खनन, खरेदी, भेट. ‘सांभाळायला दिली’ याला रकाना नव्हता. वही आखणाऱ्यांना कुणाचं काही परत द्यायचंच नव्हतं. पण पेन माझ्या हातात होतं. मी ‘भेट’ लिहिलं. अंगठा देताना त्यांनी विचारलं, “काय लिवलंय?” मी म्हणालो, “ठेवायला दिली, असं.”

त्या पुढे अकरा पाडवे आल्या. तिकीट काढून काचेवर कुंकू लावायच्या, मी ते ओल्या फडक्याने पुसायचो. “कवा नेऊ?” विचारलं की सांगायचो, वरून कागद येऊ द्या. वर कुणाला काही विचारलंच नव्हतं, तर कागद कुठून येणार? नंतर त्या यायच्या थांबल्या. मला हायसं वाटलं, हे लिहिताना लाज वाटते.

ती मूर्ती माझी नाही, म्हणून ती मी कुणाला देऊ शकत नाही. ‘भेट’ हा शब्द माझा आहे. तो मी परत घेतो. माझ्या पश्चात ही प्रत संग्रहालयाला द्यावी.

५. पार्वतम्मांची नात शिवगंगा जळकोटला अंगणवाडीत शिकवते. काल तिला बोलावून वरचा मजकूर वाचायला दिला. वाटलं, बरं बोलेल. तिनं कागद खाली ठेवला.

“आजीनं अकरा वर्सं वाट बघितली. आता आमी तुमच्या मरणाची वाट बघायची व्हय?”

जिवंतपणी कुणी खोटारडा म्हणू नये, पेन्शनला धक्का लागू नये, एवढ्यासाठीच मी मृत्युपत्राचा आडोसा घेतला होता. ती चहा न घेता गेली.

म्हणून कलम ४ वर रेघ मारली आहे, वाचता येईल अशी. तोच मजकूर प्रतिज्ञापत्रावर लिहून मी मंगळवारी स्वतः नेऊन देईन. उद्या रविवार, कार्यालयात कुणी नसतं; सोमवारी संग्रहालय बंद असतं. मूर्ती परत मिळेल याची खात्री मी देऊ शकत नाही. खोटं कुणी लिहिलं, ते तोंडाने सांगेन. बाकीची कलमं माझ्या मृत्यूनंतर लागू व्हावीत.

स्थळ: धाराशिव (पेन्शनच्या कागदावर अजून उस्मानाबाद)
दिनांक: १ नोव्हेंबर २०२५, शनिवार

सही: अ. के. धारूरकर

साक्षीदार १: हिंमतराव, शेजारी. (‘शिडी जुनी आहे’ असं म्हणून सही केली.)

साक्षीदार २: शिवगंगा. आज पुन्हा आली, सही केली, आणि सहीखाली स्वतःच्या हाताने लिहिलं: ‘मंगळवारी मी दारापाशी थांबते. आत तुम्ही एकटे जा.’