शिवाजी पेठ किरणोत्सर्ग निरीक्षण केंद्र

२ ऑक्टोबर १९९९, शनिवार. सकाळी ८.

जपानमध्ये अणुइंधनाच्या कारखान्यात परवा अपघात. बातमी पहिल्या पानावर, पण निवडणुकीच्या खाली. कामगारांनी युरेनियमचं द्रावण बादलीनं ओतलं म्हणे. बादलीनं! आमच्या लॅबमध्ये मी कुणाला डिस्टिल्ड वॉटरसुद्धा बादलीनं ओतू दिलं नाही.

रिटायर होऊन सहा महिने झाले. कॉलेजात फिजिक्सचा लॅब असिस्टंट, एकतीस वर्षं. कागदावर असिस्टंट. डिपार्टमेंट कुणाच्या जिवावर चालत होतं ते सगळ्यांना माहीत आहे. निदान मला.

निश्चय : कोल्हापूरच्या हवेवर लक्ष ठेवायचं. दुसरं कोण ठेवणार?

दुपारी २. किरणोत्सर्ग मोजायचं मीटर माळ्यावरून काढलं. कॉलेजनं भंगारात टाकलेलं, मी वाचवलं होतं. शिवलीला म्हणाली, चढलाच आहात तर दिवाळीचे डबेपण काढा. नवऱ्याच्या कामाकडे बघायची ही दृष्टी.

३ ऑक्टोबर, रविवार.

मीटर चालू! रेडिओतला एक पार्ट काढून बसवला. रेडिओ तात्पुरता बंद. किरण आत शिरला की 'टक' वाजतं. मिनिटात किती टक ते मोजायचं. थोडे टक सगळीकडे असतातच. दगडातून येतात, आभाळातून येतात. घरात २४. गच्चीवर २३. शिवलीला पूजा करत होती, तिच्याजवळ मीटर धरलं, २४.

४ ऑक्टोबर, सोमवार.

कलेक्टरांना पत्र. मुंबईच्या अणुवाल्यांना पत्र. दारावर पाटी : शिवाजी पेठ किरणोत्सर्ग निरीक्षण केंद्र. वेळ ९ ते ११, ४ ते ६.

दिवसभरात एकच बाई आली. एक्स-रे काढता का, विचारत होती.

७ ऑक्टोबर, गुरुवार.

निवडणुकीच्या निकालानंतर सगळी पेठ गुलालात. गुलाल मोजला. २४.

८ ऑक्टोबर, शुक्रवार.

रंकाळ्याचं पाणी २३. मिरची २४. उसाचा रस २५ (एक टक बहुतेक पलीकडच्या सायकलच्या घंटीचा). आकडा वाढावा अशी माझी मुळीच इच्छा नाही. फक्त तो वाढत नाही म्हटल्यावर लोक ऐकून घेत नाहीत.

शिवलीलाला विचारलं, तुला काळजी वाटत नाही? म्हणाली, मला रेडिओची वाटते.

९ ऑक्टोबर, शनिवार. संध्याकाळी ६.

९६.

आकड्याखाली दोन रेघा ओढल्या.

गल्लीच्या टोकाला पिराजीचा गोठा. चार म्हशी. संध्याकाळी लोक तिथंच कट्ट्यावर बसून ताजं धारेचं दूध पितात. तालमीतले पैलवान तर रोजचे. मी दूध पीत नाही, चहावाला माणूस. पण तपासणीत भेदभाव नको म्हणून गेलो. पिराजीनं ताबडतोब म्हशीला थाप मारून बाजूला सारलं, "या की सर." हा एकटाच मला सर म्हणतो. कॉलेजात कुणी म्हणत नव्हतं. दारातल्या खोक्यावर मीटर ठेवलं, समोर दुधाची बादली ठेवली. मीटर कडकड वाजायला लागलं. तीनदा मोजलं. ९६, ९५, ९६. चौपट!

पिराजी म्हणाला, "जोरात वाजतंय न्हवं? म्हंजे चांगलं हाय?"

मी म्हणालो, तपासावं लागेल.

घरी येताना सांजपेपरचा वार्ताहर बाळासो भेटला. त्याला फक्त एवढंच सांगितलं की प्राथमिक निष्कर्ष आहे आणि कुठं बोलू नकोस.

११ ऑक्टोबर, सोमवार.

सांजपेपर, पान १ : 'पेठेतल्या दुधात जपानचे किरण? ज्येष्ठ अणुशास्त्रज्ञ डॉ. गुरुसिद्ध हलकर्णी यांचा इशारा.'

'डॉ.' चुकीचं आहे. पण छापून आल्यावर माणूस काय करणार? पाच प्रती आणल्या. एक फाईलला, एक कॉलेजला पोस्टानं.

१३ ऑक्टोबर, बुधवार.

दारात रांग! कुणी पाणी आणलं, कुणी वांगी. मंगळवार पेठेतून एक गृहस्थ जपानी टेपरेकॉर्डर घेऊन आले. घरात ठेवू का नको? मोजला. २४. तरी ते तो आमच्याच ओसरीवर ठेवून गेले.

पिराजीच्या कट्ट्यावर कुणी नव्हतं. तालमीच्या वस्तादांनी पोरांना सांगितलंय म्हणे, चार दिवस केळी खा. पिराजीनं सकाळचं सगळं दूध गटारात ओतलं. मला वाईट वाटलं. पण विज्ञान निःपक्षपाती असतं. हे वाक्य उद्या बाळासोला द्यायचं.

१५ ऑक्टोबर, शुक्रवार.

पिराजी आला होता. ओसरीवर बसेना, उभाच राहिला. त्याची मुलगी वर्षाराणी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे, आठवा संपत आला. सासर वारणानगर, नवरा कारखान्यात. गोठ्याला लागूनच पिराजीच्या दोन खोल्या. सासरकडच्यांनी पेपर वाचला.

म्हणाला, "सर, पावणं पोरीला न्यायला येत्यात म्हणं. तिच्या आयनं, धोंडूबाईनं डिंकाचं लाडू करून ठेवल्यात. मशीन पुन्ना एकदा लावा की. काय तरी चुकलं आसंल."

मी म्हणालो, मशीन चुकत नसतं. मग त्याचा चेहरा बघून म्हणालो, उद्या येतो.

१६ ऑक्टोबर, शनिवार. दुपारी १.

गोठ्यात गेलो. म्हशी पाण्यावर गेल्या होत्या. दूध नाही, म्हैस नाही. मीटर खोक्यावर ठेवलं. ९६.

हे कसं?

पिराजी म्हणाला, "सर, खोक्यावर नका ठिऊ. वरातीला बत्त्या भाड्यानं देनाऱ्या जोतीरामच्या गॅसबत्त्यांच्या काचा हाईत त्यात. लग्नसराई नसली की हितंच ठेवतोय." त्यानं मीटर उचलून खुंटीला अडकवलं. २५. पुन्हा खोक्यावर. ९६. खोकं उघडलं. वर काचा, खाली बत्तीच्या मँटलची, म्हणजे पेटणाऱ्या जाळीची पाकिटं, पाच-सहाशे तरी असतील.

घरी येऊन पुस्तक काढलं. पान २११ : गॅसबत्तीच्या मँटलला थोरियम लावतात. थोरियम किरणोत्सर्गी. मँटल आहे तिथंच मीटर वाजतं. दुधाचा काही संबंध नाही. जपानचा तर नाहीच.

चूक माझी नाही. पान २११ वर एवढी महत्त्वाची गोष्ट बारीक टायपात दिली आहे.

पिराजीला मी तिथंच सांगायला हवं होतं असं कुणी म्हणेल. पण पूर्ण खात्री झाल्याशिवाय बोलणं अशास्त्रीय. त्यानं विचारलं, "काय सर?" मी म्हणालो, निष्कर्ष आशादायक आहेत.

१७ ऑक्टोबर, रविवार.

खात्री करायला दुकानातून एक मँटल आणलं. मीटर वाजलं. झाली खात्री.

उद्या जाहीर खुलासा. भाषेवर काम चालू आहे. 'चूक' हा शब्द टाळायचा.

१८ ऑक्टोबर, सोमवार.

सकाळी वारणानगरची जीप आली आणि वर्षाराणीला घेऊन गेली. मी खुलाशाचा तिसरा खर्डा लिहीत होतो. हॉर्न ऐकला. वाटलं, भाजीवाला.

शिवलीला जाऊन आली. सांगत होती, पोरगी रडत गेली, धोंडूबाई लाडवाचा डबा घेऊन जीपमागं चालत गेली तरी सासूनं डबा घेतला नाही. लाडवात तूप असतं. घरच्या म्हशीचं.

मी शिवलीलाला मँटलचं सांगितलं. तिनं विचारलं, कधी कळलं? मी शनिवार म्हणालो. ती उठून आत गेली.

१९ ऑक्टोबर, मंगळवार. दसरा.

सगळ्यांनी सोनं दिलं. 'डॉक्टर, आशीर्वाद असू दे.' सणाच्या दिवशी असले विषय काढू नयेत.

२० ऑक्टोबर, बुधवार.

पिराजीला सांगितलं. सगळं, पान २११ सकट. तो ऐकत राहिला. मला वाटलं ओरडेल. याच्या हाका पार तालमीपर्यंत जातात. म्हणाला, "मग आता लोकास्नी सांगा." एवढंच.

बाळासोकडे गेलो. म्हणाला, "सर, बत्तीचं मँटल ही काय बातमी हाय व्हय? दूध चांगलं हाय, हे तर रोजचंच की." तरी छापतो म्हणाला. शब्द दिलाय.

२१ ऑक्टोबर, गुरुवार.

पान ४, केस उगवण्याच्या तेलाच्या जाहिरातीखाली, चार ओळी. 'पेठेतील किरण ओसरले.' ओसरले! म्हणजे होते!

गल्लीत बोलतायत, डॉक्टरवर वरून दबाव आला. मी प्रत्येकाला थांबवून सांगितलं, मी डॉक्टर नाही. एक जण दुसऱ्याला म्हणाला, "बघ, डिग्रीपण काडून घेटली."

२२ ऑक्टोबर, शुक्रवार.

उपाय सापडला. प्रात्यक्षिक! उद्या संध्याकाळी पाचला, पिराजीच्या कट्ट्यावर, सर्वांसमक्ष मी स्वतः धारेचं दूध पिणार. फळ्यावर लिहून लावलं. परवा कोजागरी, तालमीचं दूध दरवर्षी पिराजीकडूनच जातं. एका घोटात पेठेचं मत फिरेल. मग वारणानगर.

शिवलीला म्हणाली, तुम्हाला दूध सोसत नाही, लग्नापासून बघतेय. मी म्हणालो, हा सोसण्याचा प्रश्न नाही, तत्त्वाचा आहे.

२३ ऑक्टोबर, शनिवार. संध्याकाळी ७.

दोनशे माणूस! पिराजीनं पितळी ग्लास घासून लखलखीत केला होता. पहिला ग्लास प्यालो. कुणीतरी म्हणालं, "एकानं काय हुतंय?" दुसरा प्यालो. तिसरा प्यालो. टाळ्या पडल्या. वस्ताद पुढं आले, पिराजीच्या पाठीवर हात ठेवला. पंधरा दिवसांत पहिल्यांदा पिराजी हसला.

भाषण सुरू केलं. 'बंधूंनो, विज्ञान' इथपर्यंत आलो.

त्यानंतरचं इथं लिहीत नाही.

२४ ऑक्टोबर, रविवार. कोजागरी.

अंथरुणात. सकाळपासून अकरा वेळा. डॉक्टर (खरे) म्हणाले, दुधाची सवय नाही, एकदम लिटरभर गेलं, दुसरं काही नाही. हे त्यांनी माझ्या कानात सांगितलं. बाहेर पन्नास माणसं उभी होती, त्यांना सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

तालमीनं यंदा कोजागरीला लिंबू सरबत ठेवलंय.

२५ ऑक्टोबर, सोमवार.

पिराजी दोन म्हशी वडगावच्या बाजाराला घेऊन गेला. आमच्या दारावरूनच गेला. मी खिडकीतून हाक मारली, पण अशक्तपणामुळं आवाज निघाला नाही. नीट मारली असती तर निघाला असता.

२९ ऑक्टोबर, शुक्रवार.

वारणानगरला जाऊन आलो. एस.टी.नं, मीटर पिशवीत. निश्चय असा : सासूबाईंच्या समोर मँटल ठेवायचं, मग दूध ठेवायचं, आवाजातला फरक ऐकवायचा. लहान पोराला कळेल.

सासू बायडाबाई. कॉलनीतलं नीटनेटकं घर. दारातच म्हणाली, "या पावणं. ते मशीन तेवढं भायेर ठेवा." मी म्हणालो, मशीनमधून काही येत नाही. म्हणाली, "आसंल. तरीबी." मीटर तुळशीपाशी ठेवलं.

मग तोंडीच सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. वर्षाराणी आतल्या दाराला टेकून उभी होती. पायाला सूज दिसत होती. तिनं एकदाच विचारलं, "दादा कसा हाय?" बापाला दादा म्हणते. मी म्हणालो, बरा आहे.

बायडाबाई म्हणाली, "सर, तुमी शिकलेलं मानूस. खोटं कशाला बोलशीला? पर पोटात लेकरू हाय ओ. एक करा. लेकराला कायबी हुनार न्हाय, आसं सही करून लिवून द्या. आत्ता सांजच्याला पोरगी म्हायेरला धाडते."

कागद दिला. पेन माझ्याच खिशात होतं.

शास्त्रीयदृष्ट्या अडचण काहीच नव्हती. पण लेकराला कधीच काही होणार नाही असं कोण लिहून देणार? मीटरचं सर्टिफिकेट नाही. लेटरहेड नाही. दुधाच्या वेळीही मला इतकीच खात्री होती. पेन उघडलं. बरंच उघडं ठेवलं. वर्षाराणी कागदाकडे बघत होती.

बायडाबाईनं हळूच कागद उचलून घेतला. "ऱ्हाऊ दे. च्या घ्या."

कोरा चहा होता.

१ नोव्हेंबर, सोमवार.

उरलेल्या दोन म्हशीही बाजारात. पिराजी जोतीरामकडे बत्त्या वाहायला जाणार आहे, कुणी सांगितलं. मँटलपासून काही धोका नाही ना, हे बघून सांगायला हवं. पुस्तकात बघितलं. नीट दिलेलं नाही.

८ नोव्हेंबर, सोमवार. पाडवा.

पाटी काढली. शिवलीलानं सांगितलं म्हणून नाही. दिवाळीला दार रंगवायचं राहिलं होतं.

मुंबईहून पत्र आलं. देशात कुठंही वाढ नाही, सर्व ठिकाणी नोंदी नेहमीप्रमाणे. म्हणजे माझे २४ बरोबर होते. पत्र सगळ्यांना दाखवायचं ठरवलं होतं. दोघांना दाखवलं.

२८ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ११.

वर्षाराणीला मुलगी. वारणानगरलाच. पावणेतीन किलो, दोघी ठणठणीत. शिवलीलानं सांगितलं तेव्हा मी म्हणालो, मी म्हणतच होतो. शिवलीला म्हणाली, सही करायची होती मग.

थोड्या वेळानं पिराजी स्वतः आला. धुतलेला शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा. सगळी गल्ली वाटून झाली होती, आमचं घर शेवटचं. मी काहीतरी बोलणार होतो, महिनाभर जुळवून ठेवलं होतं. त्यानं पुडा पुढं केला.

म्हणाला, "खावा सर, बिनघोर खावा. दुकानातला हाय. आमच्या म्हशीचा न्हाय."

मी एक घेतला. तो मी खाईपर्यंत उभा राहिला.