बुडालेल्या घराचं दार

दादा,

"घर बुडू दे, दार मी नेणार," धरण भरायच्या आधी तू म्हणाला होतास. ते दार आता तुझ्या नव्या घराला आहे. मी पाठीवर सिलिंडर बांधून पर्यटकांना तळाशी आपलं घर दाखवते, म्हणून तू बोलणं टाकलंस. काल वर आल्यावर एकाने विचारलं, "ताई, त्या घराला दारच नव्हतं का?" म्हटलं, "होतं, भावाने पळवलं." होडीत सगळे हसले.

आईचे थोडेच दिवस उरलेत. माझ्या घरचं दार लावलं की म्हणते, "हे नाही गं, आपलं लाव."

हेही पत्र कपाटातच राहील. तू नाहीच म्हणशील. तरी एकदा तिला तुझ्याकडे आणू दे, तिच्या हाताने ती कडी लावू दे.

तू चिडवायचास ती,
पाणबुडी