घंटेतल्या वाती

कमठाणा,
माघ शुद्ध दशमी, शके १८७५

प्रिय रत्नम्मा, माझ्या धाकट्या बहिणी, माझ्या तंगी,

शरणु शरणार्थी. तुझे पत्र पोचले. मठाची नवी घंटा टांगण्याच्या दिवशी तू उदगीरहून येणार नाहीस. ‘माझ्या वातींनी एकदा घंटा नासली, आता पुन्हा तिथे पाऊल कशाला’ एवढेच तू लिहिलेस. ती ओळ वाचल्यापासून लिंगपूजेत माझा मंत्र चुकतो आहे, आणि तुझी वहिनी बसम्मा दाराआडून तो दुरुस्त करते आहे, यावरून घरची स्थिती तुझ्या ध्यानी येईल. एरवी सर्व क्षेम. तांबडी गाय व्याली. खरवस शेजारी वाटून संपला. तुझा वाटा मीच खाल्ला.

त्या पहिल्या घंटेची हकीकत तुझ्यापर्यंत अर्धीच पोचली आहे. श्रावणभर व्रत धरून तू वळून पाठवलेल्या वाती देवापुढे लावण्यासाठी होत्या. बसम्माच्या मनात आले की दिवा एका संध्याकाळी विझतो, घंटा मात्र पिढ्यान्‌पिढ्या वाजते. म्हणून तिने अर्ध्या वातींची जुडी बेलपानांत गुंडाळली आणि साच्याच्या आतल्या मातीचा गाभा ओला असताना, कोणास न सांगता, त्यात खोल दडपली. भाव निर्मळ होता. परंतु साचा भाजताना ती जुडी पुरती जळलीच नाही. रसरशीत कांसे आत पडताच साचा गुरगुरला, तोंडातून रस उसळला, आणि निवल्यावर निघालेली घंटा अनारशासारखी जाळीदार होती. भीतीपोटी आणि लाजेपोटी बसम्मा विहिरीवर बोलून गेली की ज्या हाताला बांगडी नाही त्या हातच्या वाती होत्या, दुसरे काय होणार. ते वाक्य आपल्या गावच्या बैलगाडीआधी उदगीरला पोचले. जन्म-मरणाची, विटाळाची अशी पाचही सुतके ज्या पंथाने टाकून दिली त्यात आपला जन्म, हे मी तिला लग्नापासून सांगत आलो आहे. तिने ऐकले ते मात्र ओताऱ्याचे.

हा हावगेप्पा ओतारी बिदरचा. तोंडात पान आणि पानाहून अधिक बढाया. त्याने नासकी घंटा फोडली. सगळे बुडबुडे एकाच बाजूला होते, आणि त्याच बाजूच्या मातीत काळी पडलेली जुडी सापडली. ती हुंगून तो बायकांच्या देखत म्हणाला, “कापूस असू दे न्हाईतर बेलपान, तापलं की त्यातनं वारा सुटतोय. वाट दिली तर भाईर जातोय, न्हाई दिली तर धातूत घर करतोय. हात कुणाचा हुता, हे त्याला कळत न्हाई, बसम्माक्का.”

बसम्मा तडक घरी गेली. मला वाटले, रुसली. ती परतली ती तुझ्या उरलेल्या वाती पदरात घेऊन. वाऱ्याला वाट पाहिजे ना, मग ह्यांचीच वाट करता येते का, असे तिने विचारले. हावगेप्पा पान चघळायचे विसरला. दुसऱ्या साच्याच्या वेळी त्याने वातीला वात जोडून लांब दोरे वळले, मेणात बुडवले आणि गाभ्याच्या मातीत आतून बाहेर असे निजवले. मग शेणीच्या आचेवर साचा इतका भाजला की धुराचा वासही उरला नाही. मेण गेले, कापूस गेला; त्यांच्या जागी दोऱ्याएवढ्या पोकळ वाटा राहिल्या.

ओतणी दिवेलागणीला झाली. कांसे आत गेले, साचा शांत राहिला. मातीत कालवलेल्या भुशाचा उरलासुरला वायू त्या वाटांनी बाहेर आला आणि प्रत्येक वाटेच्या तोंडाशी एक इवलीशी निळी ज्योत पेटली. रत्नम्मा, वात एकही उरली नव्हती आणि दिवे लागले होते. आपल्या शरण-संतांनी शून्याला रिते का म्हटले नाही, याचे निरूपण मी आयुष्यभर केले. डोळ्यांनी पाहिले ते त्या संध्याकाळी. मला आप्पांचे देवघर आठवले. मी वचने पाठ करता करता पेंगायचो आणि तू माझ्या नाकात वात घालून मला जागे करायचीस. तुझा संकल्प देवापुढे दिवे लावण्याचा होता. तो पूर्ण झाला आहे. घंटा अखंड निघाली आहे, तिच्यावर सुईच्या टोकाएवढेही छिद्र नाही.

आता खरे सांगतो. हे पत्र मी लिहितो आहे, पण लिहायला बसवले आहे ते बसम्माने. तिला अक्षर येत नाही. ती समोर बसून प्रत्येक ओळ वाचून दाखवायला लावते आहे, आणि विहिरीवरचे वाक्य गाळू नका असे तिनेच बजावले. पौर्णिमेला घंटा टांगायची आहे. पहिला टोला कोणी द्यावा, असे मठात विचारले गेले, तेव्हा ती सर्वांआधी बोलली. तिची क्षमा मागण्याची रीत तुला ठाऊकच आहे, म्हणून तिचेच शब्द देतो: “रत्नम्माला म्हणावं, तूच ये. माझ्या हातात बांगड्या लई वाजतात. पहिल्या टोल्याला घंटेबिगर दुसरं काई वाजू नये.”

गाडी त्रयोदशीला उदगीरला येईल. रिकामी परतवू नकोस.

तुझाच अण्णा,
चनमल्लप्पा