झाकणाच्या डब्यांची गाडी

नाशिक,
ता. १४ एप्रिल १९८४

ती. सुलाताई यांस,
मंगलचा सप्रेम जयभीम. वि. वि.

कांद्याच्या हंगामात तुमची पाठ जमिनीला लागत नसेल, तरी आत्याबाईंची, तुमच्या आईची, चौकशी केलीत, म्हणून खरं तेच कळवते. आत्याबाईंची उजवी बाजू अजून हलत नाही. सगळं अंथरुणातच. जुन्या लुगड्याच्या घडीत शिंप्याकडच्या चिंध्या भरून खाली घालते. नळाला पाणी जेमतेम, धुणार कुठून? वापरलेली घडी कागदात गुंडाळून कोपऱ्यावरच्या कचराकुंडीत टाकते.

मागच्या आठवड्यात कुत्र्यांनी ती पुडकी गल्लीभर ओढली. समोरच्या गोजराबाई दारात येऊन तोंडाला येईल ते बोलल्या. मी ऐकून घेतलं, पण आत्याबाईंनीही ऐकलं. तेव्हापासून त्या दिवसाकाठी दोन-चार घोटांवर पाणी पीत नाहीत. पेला ओठाशी नेला की मान फिरवतात. पाया पडले, तर म्हणाल्या, नको गं, तुला परत ऐकून घ्यावं लागंल. डोळे खोल गेलेत, जीभ सुकलीय. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर या वयात निभाव लागणं कठीण आहे.

झाडूवाल्या आक्काबाईंना काही देऊन घाण दारातूनच न्यायला सांगू, असं मी सुचवलं. हे एकदम चिडले. ज्या कामातून आपल्या माणसांनी मान सोडवली, ते दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवणार नाही, म्हणाले. पटतं मला. पण मग करू काय?

तुमच्या मायेचा आधार आहे, तो असाच राहू द्या.
तुमची,
मंगल


लासलगाव,
ता. १८ एप्रिल १९८४

चि. सौ. मंगल हिस,
सुलाताईचा जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि भाकरी तव्यावरच करपली. आईला इकडे आणायचं तर रस्त्याचे धक्के तिला सोसायचे नाहीत. इथून मी नुसती रडणार, करणारी तू. माझ्या आईची लेक आता तूच आहेस.

एक कर. रविवारी विहारात बायका जमतात. तिथं उभी राहून सांग, आमची म्हातारी पाणी का पीत नाही ते. भांडू नकोस आणि लाजूही नकोस. आमच्या देवाचं, तुझ्या नवऱ्याचं, म्हणणं बरोबर आहे. त्याला म्हणावं, मग घाण झाकणाच्या डब्यात भरून तू उचल. लहानपणी शेण भरायला सांगितलं की याच्या पोटात दुखायचं!

नाशिकला कांदा नेणाऱ्या भिकनच्या ट्रकमधून जुन्या लुगड्यांचं गाठोडं पाठवते. आईच्या कपाळावरून माझा म्हणून हात फिरव.
लोभ आहेच, तो वाढता ठेव.
तुझी,
सुलाताई


नाशिक,
ता. ६ मे १९८४

ती. सुलाताई यांस,
मंगलचा सप्रेम जयभीम. वि. वि.

गाठोडं मिळालं. तुमचं मी ऐकलं. विहारात उभी राहिले आणि सगळं सांगितलं. माझं बोलून झालं. आणि गोजराबाईच रडायला लागल्या. त्यांचे सासरे कोंडाजीबाबा गावी गेलेत असं त्या सांगायच्या, ते वर्षभर आतल्या खोलीत पडून आहेत. कुत्र्यांनी ओढलेली निम्मी पुडकी त्यांच्याच घरची. कुणाला कळू नये म्हणून आधी त्याच ओरडल्या होत्या. मग भागीबाईंनी आपल्या अपंग लेकीचं सांगितलं. आणखी दोन घरं निघाली.

तुमचा निरोप यांना वाचून दाखवला. हसले, आणि दुसऱ्या दिवशी पत्र्याचे झाकणाचे डबे घेऊन आले, घरटी एक. भाजीवाल्याची हातगाडी मागून आणली आणि सकाळी सकाळी स्वतः ओढत निघाले. गल्ली बघत राहिली. दुसऱ्या दिवशी गोजराबाईंचे मालक मल्हारीभाऊ दांडीला लागले. आता पाळ्या ठरल्यात. दारोदार डबे गोळा करायचे, पडीक माळावरच्या खड्ड्यात रिकामे करायचे, वर चुना आणि माती.

गोजराबाई पाण्याचा पेला घेऊन आत्याबाईंच्या उशाशी बसल्या. मावशी, प्या, आता कोण बोलतं ते मी बघते, म्हणाल्या. आत्याबाईंनी पेला रिकामा केला. मी आत जाऊन रडून घेतलं. ताई, या गल्लीचे उपकार कसे फेडू? आणि तुमचे?

काल गाडीला उशीर झाला. लाजेनं मरायला निघालेल्या आमच्या आत्याबाई अंथरुणातून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा ओरडल्या, मल्हारी, ऊठ की रे, डबे खोळंबलेत! समोरच्या आतल्या खोलीतून कोंडाजीबाबांचा आवाज आला, माझा पण!

हंगाम उरकला की या. आम्ही वाट बघतोय.
तुमचीच,
मंगल