झेलणाऱ्यांचे हात

बाबा, गेला आठवडाभर मी एका सोळा वर्षांच्या मुलीसाठी भांडत होते आणि राहून राहून तुम्ही आठवत होतात. गुरुग्राममधल्या काही शाळांचा मिळून एक संघ निवडायचा होता, निवडणाऱ्या तिघांत मी एक. खेळ तुमच्या ओळखीचा नाही. नाव फुटबॉल, पण चेंडू लांबुळका आणि तो हाताने फेकायचा. पुढे धावणाऱ्या मुलींनी तो झेलायचा. फेकणारीला क्वार्टरबॅक म्हणतात. ही मुलगी चेंडू असा फेकते की धावणारीने फक्त हात पुढे करावेत. पण तिच्या शाळेतल्या झेलणाऱ्या खो-खोतून पकडून आणलेल्या. चेंडू छातीवर आपटून खाली पडायचा आणि कागदावर फुली हिच्या नावापुढे. जागा एकच, आणि तिच्यासाठी दुसऱ्या शाळेची एक फेकणारीही होती.

"मॅडम, नंबर देखिए ना," सोबतचे सर म्हणाले. "दूसरी वाली के लगभग सारे पास पकड़े गए हैं."

ते ऐकलं आणि मी मनाने थेट आपल्या जुन्या कॉलनीच्या, लक्ष्मीबाई नगरच्या मैदानात पोचले. रविवारची सकाळ आहे, व्हॉलीबॉलची जाळी बांधली आहे, कॉलनीचा संघ तुम्ही निवडताय. मी जाळीपाशी बॉल उचलून देते आहे, पण स्मॅश मारायला माझ्या बाजूला दोघी नवशिक्या. त्यांचा हात एकदाही नीट बसत नाही. तुम्ही माझं नाव गाळता. घरी मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडते आहे, आई पोहे परतता परतता तुमच्याकडे रागाने बघते आहे. "पॉइंट कुठे झाले?" तुम्ही म्हणता. "मग कशी घेणार? स्वतःची मुलगी घुसवली म्हणतील लोक." माझा खेळ तुम्हाला कळला नसेल असं नाही. लोकांची भीती त्याहून मोठी झाली. त्याचा राग मला अजून आहे, बाबा. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आहे.

म्हणून या वेळी मी हटले नाही. त्या दुसरीच्या झेलणाऱ्या हिला द्या, हिच्या तिला द्या, मग काय ते ठरवू, असा हट्टच धरला. "यार मॅडम, आप भी ना," म्हणत सर वैतागले, पण तयार झाले. दहापैकी हिचे नऊ चेंडू झेलले गेले. दुसरीचे चार, आणि ती बिचारीही काही वाईट फेकत नव्हती. काल यादी लागली. हिचं नाव त्यात आहे.

हे पत्र त्या यादीच्याच फायलीत ठेवून देणार आहे, पण त्याआधी एक कबूल करते. हे सुचलं कुठून, असं सरांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, माझे बाबा कॉलनीचा संघ निवडायचे, ते म्हणायचे की फेकणारीला तिच्या हातावरून जोखा, झेलणारीच्या नाही. तुम्ही असं कधीच म्हणाला नाहीत. मला मात्र ते तुमच्याच तोंडून ऐकायचं होतं. "बहुत अच्छे इन्सान रहे होंगे," सर म्हणाले. मी "बिल्कुल" म्हणाले, आणि तेवढं खोटं नव्हतं.