बमरोलीच्या वरातीची कॅसेट

उधना, सुरत
ता. १२ एप्रिल १९९७

तीर्थस्वरूप बन्सीलालदादा यांच्या चरणी धाकट्या मामेभावाचा, म्हणजे योगराजचा, नमस्कार पोचावा. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत (माझा गुडघा सोडून). आत्याला आता दिसतं का? वहिनींचं चक्कर येणं थांबलं का? दोंडाईच्याला ऊन तापलं असेल, तरी दुपारचं बाहेर पडू नका. अडीच वर्षांत मी पत्र लिहिलं नाही याचा अर्थ मी रागावलो होतो असा मुळीच नाही. मी रागावलोच होतो, पण तो विषय आज काढत नाही.

विषय निघालाच आहे तर सांगतो. लोक वरातीत नाचायला जातात, मी टेप करायला जातो, हे तुम्हाला माहीत आहे. लग्न कोणाचं आहे हे मी सगळ्यात शेवटी विचारतो. त्र्याण्णव सालच्या मे महिन्यात बमरोलीच्या त्या वरातीत धुडकू मास्तरांनी (एरवी पांडेसऱ्याला लूम चालवतात, लग्नसराईत हातगाडीवर बेंजो) एकच चाल मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत पाऊण तास वाजवली. अंतर दोन गल्ल्यांचं. घोडीवाला घोडी घेऊन निघून गेला, नवरदेव खाली उतरून नाचला, मुहूर्त टळला, भटजी वधूपित्याशी भांडले, आणि मास्तर मान खाली घालून वाजवतच होते. मी आपला टू-इन-वन टॉवेलात गुंडाळून खांद्यावर धरून भोंग्याच्या बाजूने चालत होतो. नव्वदच्या कॅसेटची एक बाजू काठोकाठ भरली.

पुढचा प्रकार तुमच्या डोळ्यांदेखत झाला. टॉवेलात गुंडाळलेली वस्तू घेऊन मांडवात शिरलेला माणूस आहेरच घेऊन आला असणार, असं समजून वधूच्या मामाने तो टू-इन-वन माझ्या हातून अदबीने काढून घेतला आणि माईकवर माझं नाव पुकारलं. टाळ्या पडल्या. मला टोपी घातली गेली. आता टोपी घातल्यावर वस्तू परत कशी मागायची? मी फक्त एवढंच म्हणालो की आत माझी कॅसेट राहिली आहे. ती त्यांनी मोठ्या मनाने दिली.

ती कॅसेट मी जिवापाड जपली. नवा टेप घेतला तोही तिच्यासाठीच. कोणाला नक्कल दिली नाही. सचिन गावाहून लखन कोरी कॅसेट घेऊन नक्कल मागायला तीनदा आला, तिन्ही वेळा मी त्याला चहा पाजला. तुम्ही मात्र चौऱ्याण्णवच्या दिवाळीला आलात आणि मी कारखान्यात गेलेला असताना स्वयंपाकघरात दोन टेप समोरासमोर ठेवून नक्कल उतरवलीत. तीत कुकरच्या चार शिट्ट्या आहेत (निघताना तुम्हीच ऐकवलीत). शिवाय मास्तर ऐन रंगात आले असताना “मास्तर, आखो एक डाव!” अशी पुन्हा वाजवण्याची फर्माईश करत जो कोणीतरी सारखा ओरडतो, तो आवाज त्या नकलेत जास्तच मोठा आला आहे. ओरडणारे तुम्हीच, असं मी सगळ्या नातेवाइकांना सांगितलं आणि ती नक्कल पुसून टाका असं तुम्हाला कळवलं. तुमचं उत्तर आलं नाही.

आता दुःखाची बातमी. गेल्या दिवाळीनंतर मास्तरांचा उजवा हात लूममध्ये सापडला. दोन बोटं गेली. मी भेटायला गेलो तर बेंजो कपाटावर, वर चादर. त्यांच्या मुलीचं, उज्ज्वलाचं, लग्न येत्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आहे. ती म्हणाली, “काका, मना वरातमा बाबाच वाजाडतीन. तुमनी कॅसेट लावू.” चारचौघांसमोर मी छातीवर हात ठेवून हो म्हटलं.

घरी येऊन कॅसेट लावली. आमची हर्षदा गुजरातीतून पाढे म्हणत होती. बेपासून वीसपर्यंत. शाळेच्या स्पर्धेसाठी आमच्या हिने, म्हणजे शोभाबाईने, ते त्याच कॅसेटवर टेप केले होते. मी शोभाबाईला बरंच बोललो. ती शांतपणे म्हणाली की मागच्या खाचांवर कागद कोणी चिकटवला? (खाचा मी पहिल्याच दिवशी तोडल्या होत्या, म्हणजे वर काही भरलं जाणार नाही. पण सुरुवातीला माझ्या आवाजात गाव, तारीख आणि माझं नाव असावं असं वाटून मीच कागद चिकटवला आणि काढायचा विसरलो.) हर्षदाचा दुसरा नंबर आला.

असो. आत्याला नमस्कार, वहिनींना नमस्कार.

आपला,
योगराज

ता. क. तुम्ही माझं आजवर एकही ऐकलेलं नाही, म्हणून आशा आहे. ती नक्कल पुसली नसेल तर येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती न देता तुम्ही स्वतः घेऊन या. लखनसाठी एक उतरवून आणलीत तरी चालेल.

ता. क. २. मास्तरांना मी आधीच सांगून ठेवलं की आवाज जरा खराब आहे, एक माणूस मध्ये मध्ये ओरडतो. ते म्हणाले, “त्याले काढू नको. मी त्या गल्लीना तोंडेच थांबनार व्हतू. तो वरडना म्हनीसन पुढे वाजाडत गऊ.”

ता. क. ३. मास्तर वाजवत होते तेव्हा तुम्ही मांडवात पहिल्या पंगतीला बसला होतात. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. ओरडणारा मीच.