कृत्रिम तेलाशी मी घातलेला वाद

तीर्थरूप मामांस,

शिरसाष्टांग नमस्कार. (हा शब्द आजवर मी पत्रात सवयीने लिहीत आलो. या खेपेला आठही अंगं खरोखरच जमिनीला टेकली आहेत असं समजावं.) तुमचा गुडघा आता कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? नातू तुमच्याकडे येतो, की अजून चष्मा पाहूनच भोकाड पसरतो? इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. तुमची गाडीही खुशाल आहे. म्हणजे आता आहे, मध्यंतरी नव्हती. ते कसं, हे सांगण्यासाठीच हे पत्र. कृपा करून बसून वाचा, आणि जेवण झाल्यावर वाचा.

नातवाकडे जायला निघताना तुम्ही माझ्या हातात किल्ली ठेवलीत आणि दोनच गोष्टी सांगितल्यात. गाडी आठवड्यातून एकदा फिरव, आणि गिअरबॉक्सचं तेल बदलायला झालंय, तर मिस्त्री म्हणेल ते घाल. पहिली गोष्ट मी तंतोतंत पाळली. दुसरीत 'मिस्त्री म्हणेल ते' असे तीन शब्द होते. बावीस वर्षं वर्गात 'वाक्यातला शब्द गाळू नका' म्हणून घसा फोडणाऱ्या तुमच्या भाच्याने नेमके तेच तीन गाळले.

झालं असं की एका शनिवारी सकाळी मी गाडी घेऊन गॅरेजात गेलो. मिस्त्रींनी फडक्याला हात पुसले, फळीवरून एक डबा काढला आणि म्हणाले, "सर, हिला सिंथेटिक घालू." शेजारी साध्या तेलाचं पिंप होतं. मी सहज विचारलं, सिंथेटिक म्हणजे कृत्रिमच ना? ते 'हो' म्हणाले, आणि तिथेच माझा घात झाला. (मामा, मला गाडीतलं काही कळत नाही, पण शब्दातलं कळतं, आणि अर्धवट कळणाऱ्या माणसाला शब्दाएवढं घातक हत्यार दुसरं नाही.) बाकावर आपापल्या गाड्यांची वाट पाहत पाच-सहा जण बसले होते. आयता वर्गच मिळाला! मग मी सुरू झालो. कृत्रिम फुलाला वास नसतो, कृत्रिम हसण्यात जीव नसतो, जमिनीच्या पोटातून आलेलं अस्सल तेल समोर असताना प्रयोगशाळेत शिजवलेलं नकली तेल कुठला शहाणा घालील, वगैरे. हे सगळं मी पॉलिएस्टरची पँट घालून आणि वरच्या कवळीतून बोलत होतो, हे माझ्या लक्षात आलं नाही. बाकावरच्यांच्या बहुधा आलं असावं, कारण एक जण पेपरामागे हलत होता.

मिस्त्री शांतपणे म्हणाले, "साधं तेल वाईट नसतं, सर. जुन्या गाड्यांना तेच चालतं. पण हिचा गिअरबॉक्स लवकर तापतो. हिच्या पुस्तकात सिंथेटिकच लिहिलंय." त्यावर मी, "पुस्तकं मीही वाचतो," असं म्हणालो. (हे एक पुस्तक तेवढं वाचलं नव्हतं. पुढे उघडलं तेव्हा त्या ओळीखाली तुम्ही लाल पेनाने दोनदा रेघ मारलेली दिसली.) मिस्त्रींनी एक कोरा कागद पुढे केला आणि म्हणाले, "मग तसं लिहून द्या." मी दिलं. 'माझ्या इच्छेनुसार साधे तेल घालावे', खाली सही, तारीख, आणि 'इच्छेनुसार' मधला नु ऱ्हस्व आहे याची मी तिथल्या तिथे खात्रीसुद्धा करून घेतली.

पुढे पंधरा दिवसांत गाडी गिअर बदलताना उचक्या देऊ लागली. मी रेडिओचा आवाज वाढवला. मग एका दुपारी आमच्या मुख्याध्यापिका बाई मला म्हणाल्या, वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक म्हणून जायचंय, सोडता का? मी मोठ्या ऐटीत दार उघडून त्यांना बसवलं. ऊन मी म्हणत होतं. उड्डाणपुलाच्या चढावर पोचलो आणि इंजिन जे काही बोंबलायला लागलं, विचारू नका; गाडी मात्र जागची हलेना. मग हलली, पण मागे. मांडीवर फायली घेतलेल्या बाईंनी अत्यंत शांतपणे विचारलं, "सर, आपण मागे का चाललोय?" मागे खिडक्यांच्या काचा भरलेला टेम्पो होता. मी दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा राहिलो. शेवटी बाईच खाली उतरल्या, स्पर्धेच्या फायली झेंड्यासारख्या हलवत त्यांनी रहदारी थोपवली, आणि मी मान वळवून गाडी उलटी घरंगळवत कडेला लावली. टेम्पोवाला जाता जाता जे बोलला त्यातली दोन विशेषणं मला नवीन होती.

मग घामाघूम बाईंनी विचारलं, काय झालं हो? आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मिस्त्रीने चुकीचं तेल घातलं, बाई."

मामा, व्याकरणाच्या दृष्टीने त्या वाक्यात एकही चूक नव्हती. फक्त कर्ता चुकला होता.

मला वाटलं, विषय तिथेच संपेल. पण बाईंना अन्याय सहन होत नाही, हा त्यांचा दोष मी विसरलो होतो. आमच्या शाळेच्या बसगाड्यांची कामं त्याच गॅरेजात होतात. बाई दुसऱ्या दिवशी मालकाकडे गेल्या आणि असल्या निष्काळजी माणसाच्या हाती आम्ही मुलांच्या बसगाड्या द्यायच्या का, असं विचारून आल्या. तीन दिवसांनी मी, पुलावरून गॅरेजात ओढून नेलेल्या तुमच्या गाडीची चौकशी करायला गेलो, तर मिस्त्री मागच्या मोरीपाशी, गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून, नळीने गाड्या धूत होते. सव्वीस वर्षं गिअरबॉक्स उघडणारा माणूस! त्यांनी मला पाहिलं, मान हलवली, आणि पुन्हा चाकावर पाणी सोडलं. मी मालकाशी हवापाण्याच्या गोष्टी करून परत आलो. होय, परत आलो. पुढचे आठ दिवस मी मुलांना शुद्धलेखन घातलं आणि फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो.

नवव्या दिवशी मी आपण होऊन गॅरेजात गेलो. मिस्त्री बादली उपडी घालून तिच्यावर बसले होते. मी म्हणालो, "माझं चुकलं." ते म्हणाले, "ते मला ठाऊक आहे, सर. बसा." बसायला दुसरी बादली होती. मी विचारलं, माझी चिठ्ठी तुमच्याकडे होती, मग ती मालकाच्या तोंडावर का नाही मारलीत? त्यांनी खिशातून ती काढली. घडी घालून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली होती, ओली होऊ नये म्हणून.

"दाखवणारच होतो," ते म्हणाले. "पण माझी मुलगी तुमच्या वर्गात आहे. तिसऱ्या बाकावर बसते. घरी काही वाद निघाला की म्हणते, सरांनी सांगितलंय म्हणजे बरोबरच असणार. आता हा कागद दाखवला असता तर चार दिवसांत शाळेत पोचला असता. तिचं ते मोडायला हात धजेना."

मामा, तुम्ही मला लहानपणी एकदाच मारलं होतंत, कैऱ्या चोरून खाल्ल्या आणि आंबट तोंडाने खोटं बोललो म्हणून. त्या दिवशी बादलीवर बसल्या बसल्या मला वाटलं, हा माणूसही मारील तर बरं. तिसऱ्या बाकावरची ती मुलगी मी रोज पाहतो. मान खाली घालून मी सांगेन ते अक्षर न् अक्षर उतरवून घेते.

तिथून मी मालकाकडे गेलो आणि सगळं सांगितलं. मालक म्हणाले, "मला पटतंय हो, पण तुमच्या बाईंना कोण सांगणार?" ते काम मधल्या सुट्टीत, भरल्या शिक्षकखोलीत, मीच केलं. माझा चहा गार झाला, शास्त्राच्या सरांनी तोंडातलं बिस्कीट चावायचं थांबवलं. मग बाई उठल्या, "चला," म्हणाल्या, आणि मला पुढे घालून गॅरेजात गेल्या. तिथे सगळ्या कामगारांसमोर हात जोडून म्हणाल्या, "मिस्त्री, मी न विचारता तुम्हाला दोषी धरलं. चूक माझी." त्यांच्या शेजारी उभं राहून मीही तेच म्हणालो, पण खरं सांगतो, बाईंचं वाक्य सरळ होतं आणि माझं अडखळलं. मिस्त्री नुसते "असू द्या" म्हणाले आणि रबरी बूट काढायला लागले.

त्याच दुपारी ते तुमच्या गाडीखाली शिरले. साधं तेल सगळं काढून, दोनदा धुऊन, त्यांनी सिंथेटिक भरलं. निघालेलं तेल मला मुद्दाम दाखवलं: काळं पडलेलं, करपलेल्या फोडणीसारखा वास. आतल्या पट्ट्या थोड्या झिजल्या आहेत, गाडी तूर्त छान चालेल, पण तुम्ही आल्यावर एकदा उघडून पाहावं लागेल असं ते म्हणतात. आता तीच गाडी तोच चढ मुकाट्याने चढते. मी मात्र अजून तिथे ब्रेकवर पाय ठेवूनच असतो.

मामींना नमस्कार. चिरंजीवास अनेक आशीर्वाद. मोठ्यांनी रागवावं तेवढं रागवावं, अर्धं राखून ठेवू नये.

आपला अर्धशिक्षित भाचा

ता.क. खरं काम लिहायचं राहिलंच. मिस्त्रींनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही, पण तुमचं नाव निघालं की खाली बघतात. 'मामांची गाडी माझ्या हातून बिघडली, मी अडून बसायला हवं होतं, आता त्यांना काय तोंड दाखवू,' असं त्यांनी दोनदा म्हटलं. मी समजावलं, पण माझ्या समजावण्याला त्या गॅरेजात आता किंमत नाही. म्हणून हात जोडून मागणं, तुम्ही त्यांना एक फोन करा. माझ्याबद्दल हवं ते बोला, पण गाडी परत त्यांच्याच हाती द्यायची आहे हे त्यांना तुमच्या तोंडून ऐकू द्या.

ता.क. २. हे पत्र पाकिटात घालण्यापूर्वी तुमच्या भाचेसुनेने वाचलं आणि 'आपण होऊन गेलो' या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारली. तर खुलासा करतो. माझं उतरलेलं तोंड पाहून तिने आठव्या दिवशी रात्रीच्या जेवणात सगळं काढून घेतलं, आणि सकाळी मला गॅरेजपर्यंत पोचवायला आली. फाटकातून मी दोनदा परत फिरलो. दोन्ही वेळा ती तिथेच उभी होती.